वस्तूंचा मुक्काम

दुपारी तीनच्या सुमाराला आमच्या गल्लीच्या तोंडाशी टेम्पोचा हॉर्न वाजतो आणि जाऊबाई हातातलं काम टाकून उठतात. साड्यांचं पोटलं टेम्पोत चढतं, दुसरं उतरतं. रोज साधारण ६० साड्या. त्या उलगडायच्या, पदरावर आणि काठावर स्टोन चिकटवायचे, लोंबणारे धागे कापायचे, पुन्हा घडी घालायची. आज आलेल्या साड्या परवा जातात. म्हणजे दहा बाय दहाच्या त्या खोलीत कुठल्याही क्षणी शंभर-सव्वाशे साड्या असतात. तरी तिथे मुलं अभ्यास करतात, रात्री अंथरुणं पडतात, आणि साडी शोधायला कधी कुणाला दोन मिनिटं लागत नाहीत.

त्याच खोलीच्या माळ्यावर एक निळी पिशवी सहा वर्षं पडून होती. लहान झालेले फ्रॉक, मिक्सरच्या भांड्याचं एक झाकण, कसल्याशा वायरी, तिसरीची पुस्तकं. दर रविवारी ती आवरायची ठरायची आणि दर रविवारी राहून जायची.

घर एक, माणसं तीच, हातही तेच. शेकडो साड्या ज्या हातांना जड होत नाहीत, त्यांना एक पिशवी जड व्हावी, याचं मला फार नवल वाटत आलं आहे. त्याचा छडा लावायला निघाले आणि गणितापासून गोधडीपर्यंत कुठे कुठे जाऊन आले.

आम्ही राहतो ते सचिन हे सुरतेच्या दक्षिणेचं गाव, आता महानगरपालिकेत आलेलं. जीआयडीसीतल्या लूम आणि मिलच्या भोंग्यांवर इथला दिवस चालतो. पाळी बारा-बारा तासांची. उधना, लिंबायत, पांडेसरा आणि सचिन या पट्ट्यात जळगाव, धुळे, नंदुरबारकडची हजारो घरं आहेत, आमचं त्यातलंच एक. उधन्याहून तापीच्या खोऱ्यातून जाणारी रेल्वे आम्हाला नंदुरबार, अमळनेर, जळगावला नेते. त्यामुळे आमच्या घरांत दोन संसार एकावर एक रचलेले असतात, इथला आणि ‘गावी न्यायचा’.

गणिताचा भाग आधी, कारण मला सगळ्यांत जास्त थक्क त्यानेच केलं. जॉन लिटल या अमेरिकन अभ्यासकाने १९६१ साली एका साध्या सूत्राची सिद्धता मांडली. रांगेत उभी माणसं असोत, कारखान्यातला अर्धवट माल असो की दवाखान्यातले रुग्ण, आत असलेल्यांची सरासरी संख्या म्हणजे येण्याचा वेग गुणिले प्रत्येकाचा सरासरी मुक्काम. बस, एवढंच. कोण कधी येतं, कोण पटकन निघतं, कोण रेंगाळतं, याने सूत्र बिघडत नाही. आवक-जावक बऱ्याच काळापर्यंत सारख्याच चालीने होत असली की झालं.

आता ते घराला लावून पाहा. जाऊबाईंच्या साड्या: रोज ६०, मुक्काम २ दिवस, खोलीत सरासरी १२०. खोलीला ते सहज झेपतं. उरलेल्या घराचं काय? धाकटीने आणि मी एक आठवडा वहीच्या मागच्या पानावर टिपून ठेवलं. खाऊन-वापरून संपणारं सोडलं, तर सात दिवसांत २३ वस्तू उंबऱ्याच्या आत आल्या. डब्यावर फुकट मिळालेला डबा, लग्नातली भेट, शाळेतला तक्ता, चार्जर, मिठाईचा रिकामा खोका, पिशव्या. दिवसाला साधारण ३ धरा. अशी एक वस्तू घरात सरासरी दोन वर्षं राहत असेल, तर ३ गुणिले ७३० म्हणजे २१९० वस्तू. दिवसाला ६० येतात तिथे १२०, आणि दिवसाला ३ येतात तिथे २१९०!

हे गुणाकाराचं उत्तर पाहून मी वही कितीतरी वेळ मिटली नाही. आपण पसाऱ्याला ‘किती सामान आणता’ म्हणून दोष देतो, किंवा घर लहान पडतं म्हणतो. या सूत्रात घराचा आकार कुठेच नाही. मोठं घर घेतलं तर मुक्काम लांबेल आणि तेही भरेल. उलट एकही वस्तू कमी न आणता मुक्काम दोन वर्षांवरून एका वर्षावर आणला, तर निम्मं घर मोकळं होतं. साडीला निघण्याची तारीख आहे, नेणारा टेम्पो आहे, पलीकडे वाट पाहणारा माणूस आहे. निळ्या पिशवीला यातलं काहीच नव्हतं.

पूर्वी होतं. सासूबाई सांगतात त्यांच्या आईच्या लुगड्याची कथा. लुगडं विरलं की त्याची गोधडी व्हायची, लहान तुकड्यांची बाळोती. गोधडी फाटली की पोतेरं, पोतेऱ्याचे धागे निघाले की ते चुलीत, चुलीतली राख भांडी घासायला. एका वस्त्राच्या वाटेवर पाच मुक्काम ठरलेले असायचे आणि पुढचा कोणता, हे कुणालाच विचारावं लागत नसे. आवरणं असं वेगळं कामच नव्हतं, ते वापरण्यातच विरघळलेलं होतं.

मग आली आमच्या सुरतेची साडी. पॉलिएस्टरचा हा धागा १९४१ साली इंग्लंडमध्ये व्हिनफिल्ड आणि डिक्सन या दोन रसायनशास्त्रज्ञांनी शोधला. तो चुरगळत नाही, लवकर वाळतो, वर्षानुवर्षं टिकतो आणि स्वस्त पडतो. याच गुणांनी गरीब घरातल्या बाईला रंगीत साडी मिळाली, हे मी कृतज्ञतेने लिहिते. पण पाणी शोषत नाही म्हणून तिचं पोतेरं होत नाही. गोधडीत ती सरकते. चुलीत घातली तर वितळते आणि घाणेरडा धूर होतो. कुजत तर नाहीच. दोऱ्या, पायपुसणी, खिडकीचा पडदा, एवढ्यावर तिचा प्रवास थांबतो. वस्तू टिकाऊ झाल्या, आणि त्यांच्या निघण्याच्या वाटा बुजल्या. वायर, प्लास्टिकचा डबा, बंद मोबाईल, सगळ्यांचं हेच. आपल्या आज्यांपेक्षा आपण आळशी आहोत असं मला मुळीच वाटत नाही. त्यांच्या वस्तू आपल्या पायांनी जात, आपल्या वस्तूंना उचलून न्यावं लागतं.

तरी उचलून का नेत नाही? इथे मनाच्या अभ्यासकांनी शोधलेली एक गोष्ट मला विलक्षण वाटते. हॅल हर्शफिल्ड आणि सहकाऱ्यांनी २००९ साली माणसांना मेंदूचं चित्र टिपणाऱ्या यंत्रात ठेवून स्वतःबद्दल, दुसऱ्याबद्दल आणि दहा वर्षांनंतरच्या स्वतःबद्दल विचार करायला लावलं. भविष्यातल्या स्वतःचा विचार करताना मेंदूतली हालचाल दुसऱ्या माणसाचा विचार करतानाच्या हालचालीकडे झुकत होती. म्हणजे ‘पुढच्या रविवारची मी’ ही मनाला थोडी परकीच असते. तिला वेळ भरपूर असेल, तिची कंबर दुखत नसेल, असं धरून आपण पिशवी तिच्या गळ्यात घालतो. रविवार उजाडतो, आणि ती बाई म्हणजे आपणच निघतो.

फुशिया सिरॉय आणि टिमोथी पिचिल यांनी २०१३ साली मांडलं की चालढकल ही वेळेच्या हिशोबातली चूक कमी आणि मनाला त्या क्षणी वाईट वाटू नये म्हणून केलेली धडपड जास्त असते. निळ्या पिशवीत फ्रॉक होते. ते हातात घेतले की लेक मोठी झाली हे मान्य करावं लागतं. झाकण टाकलं की मिक्सरवर घातलेले पैसे वाया गेले हे मान्य करावं लागतं. पिशवी बंद ठेवली की यातलं काहीच घडत नाही. मात्र ती बंद पिशवीही काही मागत राहते. लॉस एंजेलिसमधल्या नोकरदार जोडप्यांच्या एका अभ्यासात (२०१०) ज्या बायकांनी आपल्या घराचं वर्णन पसारा आणि अर्धवट कामं यांच्या भाषेत केलं, त्यांच्या शरीरातलं ताणाचं संप्रेरक दिवसभरात उतरायला हवं तसं उतरत नव्हतं. घराकडे पाहून थकवा येतो, हे आपल्या आयांचं म्हणणं लाळेच्या थेंबात मोजता आलं.

शिवाय आपलं ते आपलं. १९९० साली काहनेमान, नेट्श आणि थेलर यांनी काही विद्यार्थ्यांना साधे मग दिले. मग हातात आलेल्यांनी विकण्यासाठी मागितलेली किंमत, न मिळालेले द्यायला तयार होते त्याच्या साधारण दुप्पट होती. मालकी काही मिनिटांचीच! मग पंचवीस वर्षं पेटीत असलेल्या वस्तूचं काय होत असेल? हा विचार करताना मला आमच्या गावाचं मूळ आठवतं. जंजिऱ्याच्या सिद्दी घराण्यातल्या एका वारसाने १७९१ साली पेशव्यांशी करार करून जंजिऱ्यावरचा आपला हक्क सोडला, आणि बदल्यात सुरतेजवळचा मुलूख घेतला. तेच सचिन संस्थान. समुद्रातल्या अभेद्य किल्ल्यावरचा हक्क सोडताना त्या माणसाच्या मनात काय कालवलं असेल!

आणि चालढकल फक्त घरांची नसते. सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगच्या साथीने सुरत हादरली, लाखो लोक शहर सोडून निघाले. पावसाचं तुंबलेलं पाणी आणि वर्षानुवर्षं न उचललेला कचरा शहराच्या मुळावर आला होता. मे १९९५ मध्ये एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी शहराचे सहा विभाग केले आणि प्रत्येक विभागाच्या अधिकाऱ्याला जवळपास आयुक्ताइतके अधिकार दिले. म्हणजे विचारायला वर जाणं नको, निर्णय जागेवर. अधिकाऱ्यांनी रोज ठरलेला वेळ रस्त्यावर काढायचा, रात्री झाडलोट करायची. दोनेक वर्षांत सुरत देशातल्या सर्वांत स्वच्छ शहरांत गणली जाऊ लागली, आणि २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरसोबत पहिली आली. एवढं मोठं शहर ‘आवरलं’ गेलं ते लहान तुकडे, ठरलेली वेळ आणि तिथल्या तिथे निर्णय या तीन गोष्टींनी.

आमच्या पंचांगातही हे सगळं आधीपासून आहे. घट बसण्याआधी घर काढायचं, गोधड्या धुवायच्या. आमच्या गुजराती शेजारणी काळी चौदसला चौकात वडे ठेवून घरातला ‘ककळाट’ बाहेर काढतात. लक्ष्मीपूजनाला आपण नवी केरसुणी पूजतो. जुन्या कपड्यांवर भांडं देणारी बोहारीण, भंगारवाला, पस्तीवाला हे सगळे घराला लाभलेले टेम्पोच. फक्त त्यांची वेळ आणि आपली वेळ जुळवायची राहते.

जुळवणीचं एक गमक पीटर गोलविट्झर यांच्या संशोधनात सापडलं. ‘आवरेन’ असं ठरवण्यापेक्षा ‘अमुक झालं की अमुक करेन’ असं ठरवलेलं काम तडीला जाण्याची शक्यता खूप वाढते, असं त्यांनी १९९९ साली मांडलं. आम्ही ठरवलं: टेम्पोचा हॉर्न वाजला की एक फळी. माळा नाही, खोली नाही, एकच फळी. टेम्पो जाऊबाईंची साडी नेतो तेवढ्या वेळात आपण फळीवरच्या प्रत्येक वस्तूला तिचा पुढचा मुक्काम द्यायचा.

सासूबाईंना लिहिता येत नाही. त्यांनी साड्यांच्या कामातून उरलेल्या लेसचे तुकडे घेतले. लाल बांधलं की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी. हिरवं बांधलं की बोहारणीला. पिवळं म्हणजे शनिवारी भंगारवाल्याला. निळ्या पिशवीतले फ्रॉक लाल झाले, नणंदेच्या मुलीसाठी. वायरी पिवळ्या. झाकणाला जाऊबाईंनी न बोलता पिवळी लेस बांधली.

परवा पाळी आली ती सासूबाईंच्या पत्र्याच्या पेटीची. तळाशी त्यांच्या आईचं पितळी पातेलं होतं, काळं पडलेलं, बुडाला पोचा. त्या ते मांडीवर घेऊन बसल्या. बाहेर हॉर्न वाजला, टेम्पो आला, गेला. लेसचे तिन्ही तुकडे त्यांच्या समोर तसेच होते. मग त्यांनी धाकटीला चिंच आणायला सांगितली आणि पातेलं घासायला घेतलं. संध्याकाळी त्यात दूध तापलं.