मिश्रदंतावस्थेतील दंतनियमन : उपकरणांच्या अडचणी

दुधाचे व कायमचे दात मुखात एकाच वेळी असण्याच्या काळास मिश्रदंतावस्था म्हणतात. साधारणपणे सहाव्या वर्षी सुरू होणारी ही अवस्था बाराव्या वर्षाच्या सुमारास संपते. वरचे पटाशीचे दात फार पुढे असल्यास किंवा खालचा जबडा मागे राहिला असल्यास याच काळात उपकरण बसवावे, असा आग्रह अनेकदा धरला जातो. जबड्याची वाढ चालू असताना तिला वळण लावणे सोपे, हा त्यामागील विचार होय. तो सकृद्दर्शनी पटण्यासारखा आहे. तथापि उपचार फसला की दोष बहुधा मुलाच्या हट्टीपणावर ढकलला जातो. तो कितपत न्याय्य आहे, हे येथे पाहावयाचे आहे.

पहिली अडचण उपकरणाच्या पकडीची. काढघाल करता येणारी अ‍ॅक्रिलिकची पट्टी तारेच्या आकड्यांनी दातांवर टिकते. आकडीला आधार मिळतो तो दाताच्या फुगवट्याखालील खाचेचा. सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुरेशी वर आलेली नसेल, तर ही खाच हिरडीखाली दडलेली असते. दुधाच्या दाढांचे मुकुट आखूड असतात आणि त्या लवकरच हलू लागतात. आज घट्ट बसलेली पट्टी काही महिन्यांत सैल होते, ती याच कारणाने. सैल पट्टी बोलताना खाली पडते, जेवताना टोचते, आणि मूल ती काढून ठेवते. म्हणजे ज्यास आपण अवज्ञा म्हणतो, तिचे मूळ कित्येकदा आकडीत असते.

दुसरी अडचण वापराच्या कालावधीची. विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये स्कॉटलंडमध्ये तयार केलेले ट्विन ब्लॉक हे उपकरण जवळजवळ अहोरात्र वापरावे अशी मूळ अपेक्षा आहे. त्याच्या दोन पट्ट्यांवरील उतार एकमेकांवर टेकले की खालचा जबडा पुढे येतो. मुखाबाहेर ठेवलेल्या उपकरणाकडून हे कार्य होणे नाही. पट्टीत सूक्ष्म तापमाननोंदक बसवून केलेल्या अभ्यासांत असे दिसले की, प्रत्यक्ष वापर सांगितलेल्या वेळेहून बराच कमी असतो, आणि मुलांनी स्वतः सांगितलेले तास प्रत्यक्षाहून अधिक असतात.

मग उपकरण दातांना पक्के चिकटवावे काय? ब्रिटनमधील ११ ते १४ वर्षांच्या २१५ मुलांवरील, २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ट्विन ब्लॉकचा उपचार ३३.६ टक्के मुलांनी अर्धवट सोडला; चिकटवलेल्या हर्ब्स्ट उपकरणाबाबत हे प्रमाण १२.९ टक्के होते. परंतु हर्ब्स्टच्या मोडतोडीपायी दुरुस्तीच्या खेपा वाढल्या. शिवाय चिकटवलेल्या उपकरणाभोवती अन्नकण साचून दंतवल्क क्षीण होण्याचा धोका असतो. एक अडचण टाळावी, तर दुसरी पुढे येते.

या सर्वांहून महत्त्वाचा प्रश्न अंतिम लाभाचा आहे. केव्हिन ओब्रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ब्रिटनमध्ये ८ ते १० वर्षांच्या १७४ मुलांची यादृच्छिक विभागणी करून काहींना लवकर ट्विन ब्लॉक दिले, काहींना थांबविले. प्रारंभी लाभ स्पष्ट दिसला. पुढे आलेले दात मागे गेले आणि मुलांचा आत्मविश्वासही वाढला. मात्र हा बदल मुख्यतः दात कलल्याने झाला. जबड्याच्या वाढीचा वाटा अल्प होता. २००९ मध्ये अंतिम निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा दोन्ही गटांच्या जबड्यांच्या ठेवणीत फरक उरला नव्हता. उलट लवकर उपचार घेतलेल्यांच्या खेपा अधिक झाल्या, उपचाराचा एकूण काळ लांबला आणि दातांची अखेरची जुळणी किंचित निकृष्ट ठरली.

यावरून लवकर उपचार सर्वत्र व्यर्थ, असे मात्र म्हणता येणार नाही. पुढे आलेले दात पडण्या-धडपडण्यात दुखावतात; लवकर उपचाराने अशी इजा कमी होते, असे २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात दिसते. वरचा जबडा मागे राहिलेल्या मुलांना दहाव्या वर्षापूर्वी मुखवट्याचे उपकरण दिले असता, सहा वर्षांनंतर त्यांपैकी ३६ टक्क्यांनाच शस्त्रक्रियेची गरज भासली. उपचार न घेतलेल्यांत हे प्रमाण ६६ टक्के होते. दात उलटे मिटल्यामुळे जबडा एका बाजूस सरकत असेल, तेथेही थांबणे हिताचे नसते.

तेव्हा कोणते उपकरण वापरावे, या प्रश्नाआधी थांबल्याने काय बिघडेल, हा प्रश्न विचारला पाहिजे. मुलाचा धीर ही मर्यादित पुंजी आहे. आठव्या वर्षी ती विनाकारण खर्च झाली, तर बाराव्या वर्षी कायमच्या दातांवरील मुख्य उपचाराच्या वेळी ती कमी पडण्याचा संभव असतो. उपचार लवकर करणे अटळ असेल तर उद्दिष्ट एकच व मुदत आखूड असावी, आणि प्रत्येक खेपेस मुलाला बोल लावण्यापूर्वी आकडीची पकड तपासावी.