बागेचं सुशोभीकरण निघालंय? आधी नकाशा पाहा!

कोपऱ्यावरच्या बागेच्या फाटकाला एक दिवस हिरवं कापड लागतं. ‘उद्यानाचे सुशोभीकरण’ असा फलक झळकतो, त्यावर हात जोडलेले चार-पाच चेहरे. मग सहा महिने, कधी दोन पावसाळेसुद्धा, बाग बंद! उघडते तेव्हा आत कारंजं असतं, प्लॅस्टिकची हिरवळ असते, गावाच्या नावाची झगमगती अक्षरं असतात. आणि ज्या पारावर सासूबाई आपल्या मैत्रिणींबरोबर टेकायच्या, तो पार मात्र नाहीसा झालेला असतो.

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराचा ओटा बांधायचा असला की आपण गवंड्यासमोर उभ्या राहतो. उंची कोपराला लावून बघतो, मोरी कुठे, पाणी कुठून जाणार, सगळं विचारून घेतो. बाग तर ओट्यापेक्षा कितीतरी मोठी, आणि पैसाही आपल्याच घरपट्टीतला. मग तिथे आपण गप्प का?

ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्नात, बायका गप्प बसल्या नाहीत. एफा काइल नावाच्या नगररचनाकार बाईंनी एका सहकारिणीसह १९९१ साली छायाचित्रांचं एक प्रदर्शन भरवलं. विषय अगदी साधा: शहरातल्या आठ स्त्रियांचा रोजचा दिवस. कुणी बाबागाडी ढकलते आहे, कुणी म्हातारी जपून रस्ता ओलांडते आहे. त्यावर इतकी चर्चा झाली की पुढच्याच वर्षी महापालिकेने स्त्रियांसाठी स्वतंत्र कचेरी उघडली आणि ती याच बाईंच्या हाती दिली.

पुढे १९९६-९७ मध्ये तिथल्या बागांची पाहणी झाली. निष्कर्ष वाचून आईचं मन चरकेल. नऊ-दहा वर्षांपर्यंत मुलगे आणि मुली सारख्याच खेळतात. त्यानंतर मुली बागेतून दिसेनाशा होतात. मुलगे तेवढेच राहतात. बागेत मोठी मोकळी जागा एकच, ती मुलग्यांनी धरायची, आणि मुलींनी कडेला उभं राहून कंटाळून घरी जायचं! चेंडू खेळायच्या जाळीच्या पिंजऱ्याला दार एकच, त्या दारात मुलगे घोळका करून उभे. त्यातून वाट काढून आत कोण जाणार?

मग १९९९ च्या सुमारास पाचव्या विभागातल्या दोन बागा नव्याने आखल्या. फार मोठं काही केलं नाही, बरं का. एका मोठ्या पटांगणाचे झाडाझुडपांनी आडोसे करून लहान लहान भाग पाडले. पिंजऱ्याची दारं रुंद केली आणि वाढवली. पायवाटा वाढवल्या. फुटबॉलच्या जोडीला बॅडमिंटन-व्हॉलीबॉलला जागा दिली, गप्पा मारत बसायला बैठका केल्या. मुली परत आल्या! आणि मुलग्यांना कुणी हाकललं नाही, हे विशेष.

आपल्याकडे कारणं थोडी निराळी असतील. मुलगी मोठी झाली की ‘कशाला बागेत?’ म्हणणारे आपणही असतोच. पण आखणीचा दोष आपल्याकडेही आहे, आणि तो दुरुस्त करता येतो.

बागेची वेळच पाहा. पुष्कळ बागा सकाळी दहा-अकराला बंद होतात त्या चारला उघडतात. म्हणजे गृहिणीला जी घटकाभर फुरसत मिळते, नेमकी तेव्हाच कुलूप! स्वच्छतागृह बांधलेलं असतं. किल्ली रखवालदाराकडे आणि रखवालदार चहाला. दिव्यांचे खांब उंच उंच. उजेड झाडांच्या शेंड्यावर पडतो आणि खालची वाट काळोखी. दिवा फांद्यांच्या खाली हवा. वाटेच्या कडेची झुडपं गुडघ्याएवढी ठेवली, तर पलीकडचं दिसतं आणि संध्याकाळी एकटीला धाकधूक वाटत नाही. बाकांना पाठ हवी, आणि हात तर हवेतच; गुडघे दुखणाऱ्या बाईला उठताना कशाचा तरी आधार लागतो. नुसते गुळगुळीत दगडी कट्टे चित्रात छान दिसतात, तेवढंच.

ओपन जिमची पुष्कळ चेष्टा होते. मला मात्र पदर खोचून पायडल मारणाऱ्या काकू बघायला फार आवडतं. ती राहू दे.

फरशीचं मात्र सांगते. पेव्हर ब्लॉकचं कंत्राटदारांना वेडच आहे. झाडाच्या बुंध्याला चिकटून ब्लॉक किंवा काँक्रीट घातलं, की मुळांना पाणी मिळत नाही, हवाही मिळत नाही. झाड हळूहळू खंगतं आणि एका वादळात कोसळतं. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांभोवतीचं एक मीटरपर्यंतचं काँक्रीट काढायला लावलं होतं. आपल्या बागेतही तेवढी माती मोकळी मागायला काय हरकत आहे? टेकडीवरच्या पायवाटेचंही तसंच. तिथे सिमेंट ओतलं की पावसाचं पाणी वाटेवरूनच धावतं आणि कडा खचवतं. त्यापेक्षा मातीचीच वाट ठेवून, मध्ये मध्ये तिरपे दगड पुरून पाणी बाजूला काढलं, तर वाटही टिकते आणि चालणाऱ्याचे गुडघेही.

आपलं कोण ऐकणार, असं म्हणू नका. मुंबईची राणीची बाग आठवा. भायखळ्याची ही बाग १८६२ सालची, दुर्मिळ झाडांचं माहेरच. २००७ नंतर तिच्या कायापालटाची चारशे कोटींवरची योजना पुढे आली, सल्लागार परदेशी. तिथे रोज जाणाऱ्या काही जणी एकत्र आल्या. त्यांच्या गटात बहुतेक स्त्रियाच होत्या. त्यांनी घोषणा कमी दिल्या; झाडं मोजली, त्यांची नावं लिहिली आणि पुरातन वास्तूंच्या समितीपुढे मांडली. मूळ योजना काही तशी मंजूर झाली नाही. पुढे बदललेल्या रूपात कामं झाली, पेंग्विनही आले, सगळंच त्यांच्या मनासारखं झालं असं नाही. पण बागेची बाग राहिली.

आता काय करायचं ते थोडक्यात. काम निघाल्याची कुणकुण लागली की चार-पाच जणी मिळून वॉर्ड ऑफिसात जा आणि नकाशा व अंदाजपत्रक बघायला मागा. नगरसेविकेलाही भेटा, महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांना राखीव आहेत त्या काय उगीच? कागद दाखवायला टाळाटाळ झाली, तर २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली दहा रुपये भरून अर्ज करा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. झाड तोडायचं असेल, तर १९७५ च्या कायद्याप्रमाणे झाडावर सूचना लावावी लागते आणि हरकती घ्याव्या लागतात. मुदत फार थोडी असते, तेव्हा फिरताना बुंध्यांकडेही नजर टाकत जा. आणि शहराचा विकास आराखडा जाहीर झाला, की आपल्या भागात बागेचं आरक्षण आहे ना, ते आधी पाहा. एकदा का ते उठलं, की सुशोभीकरण करायलाही बाग उरत नाही!

अंदाजपत्रकात एक गोष्ट हटकून शोधा: उद्घाटनानंतरचा खर्च. माळी किती, पाणी कुठून, झोपाळ्याची कडी तुटली तर दुरुस्त कोण करणार? कारंज्याला आकडा असतो, माळ्यापुढे रेघ असते. तेच लेखी विचारा. अर्ज दोन प्रतींत लिहा, एकीवर तारखेसकट शिक्का मारून घ्या, आणि ती प्रत घरातल्या वीजबिलांच्या फायलीत नीट लावून ठेवा.