सीमोल्लंघनापूर्वी गाडीची पारख

विजयादशमी हा साडेतीन मुहूर्तांपैकी एक. या दिवशी पंचांग न उघडताही शुभकार्यास हात घालता येतो, म्हणून नव्या वाहनाच्या पूजेसाठी गृहस्थ हाच दिवस निवडतो. खंडेनवमीला शेतकरी नांगर-कोयत्याची आणि सुतार रंधा-पटाशीची पूजा करतो; त्याच भावनेने दारातील गाडीला झेंडूचा हार चढतो, कुंकवाचे स्वस्तिक उमटते आणि चाकाखाली लिंबू ठेवले जाते. आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सारे घर घेऊन ताम्हिणीच्या विंझाई देवीला जावे, घाट उतरून पालीच्या बल्लाळेश्वराचे किंवा हरिहरेश्वराचे दर्शन घ्यावे, असे मुळशीकरांस वाटते. त्यासाठी सात माणसांची गाडी हवी, ही इच्छाही स्वाभाविक आहे.

परंतु मुहूर्त असतो तो गाडी घरी आणण्याचा. तिच्या परीक्षेचा नव्हे. परीक्षा त्याआधीच व्हावी लागते. सणाच्या धांदलीत हा क्रम उलटतो. आधी दिवस ठरतो, मग इसार दिला जातो आणि गाडीचे दोष मात्र पुढच्या पावसाळ्यात, भर घाटात, घरची सात माणसे आत बसलेली असताना कळतात.

घाटाची कसोटी

विक्रेता गाडी दाखवितो ती सपाट रस्त्यावर आणि बहुधा दोघांनाच बसवून. अशा फेरीत मोठ्या गाडीचे खरे गुणदोष उघड होत नाहीत. आमचे सांगणे असे की, शक्य असल्यास घरची माणसे बसवून गाडी पिरंगुटच्या चढावर न्यावी. चढावर इंजिनाचा आवाज वाढतो, पण वेग त्या मानाने वाढत नाही, असे झाल्यास क्लच झिजला आहे असे समजावे. तापमानदर्शक काटा वर सरकू लागला, तर रेडिएटर, पंखा अथवा पाण्याचा पंप यांपैकी कशात तरी दोष आहे. तो अंगावर काढला तर इंजिनाच्या डोक्याचे गॅस्केट जाते आणि खर्च कित्येक पटींनी वाढतो.

उताराची गोष्ट याहून गंभीर. भरल्या गाडीचा भार पेलताना ब्रेक तापतात. ब्रेकचे तेल हवेतील ओल शोषून घेते. असे जुने तेल तापले की त्यात वाफ धरते आणि पायाखालची पट्टी खोल जाते. म्हणून ते साधारण दर दोन वर्षांनी बदलणे इष्ट. ईको, एर्टिगा यांसारख्या गाड्यांना मागील चाकांस ड्रम ब्रेक असतात. त्यांत चिखल आणि पाणी साचते. ते उघडून पाहिल्याशिवाय जुन्या गाडीचा व्यवहार करू नये.

इंधनाचा विचार

सीएनजीने खर्च वाचतो, हे खरे. पण त्या इंधनावर गाडीचा जोर पेट्रोलपेक्षा कमी पडतो, टाकी सामानाची जागा खाते आणि तिचे वजन मागील स्प्रिंगांवर येते. जुन्या गाडीच्या सीएनजी टाकीची दर तीन वर्षांनी करावयाची दाबचाचणी झाली आहे काय, याचे प्रमाणपत्र पाहणे अगत्याचे आहे. डिझेल गाडीची अडचण निराळी. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनुसारच्या डिझेल गाड्यांत काजळी अडविणारी जाळी असते. ती साफ होण्यास सलग, लांबचा प्रवास लागतो. जिची धाव रोज पौडच्या बाजारापुरतीच असेल, त्या गाडीची ही जाळी तुंबण्याचा संभव अधिक. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते; एप्रिल २०२३ पूर्वीची गाडी घेताना इंधनाच्या रबरी नळ्या तपासून घ्याव्यात.

जुन्या गाडीचे पूर्वचरित्र

१९८४ मध्ये आलेली मारुती व्हॅन पुढे ओमनी या नावाने घरोघरी पोचली आणि २०१९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. ओमनी असो वा २०१० मध्ये आलेली ईको, सरकत्या दारांच्या खाचा, तळाचा पत्रा आणि पायदानाखालचे गंज यांकडे प्रथम पाहावे. इनोव्हाचा लौकिक मोठा आहे. लाखांनी किलोमीटर धावलेल्या इनोव्हा आजही रस्त्यावर दिसतात. परंतु लौकिकामुळेच तिचा काटा मागे फिरविण्याचा मोह विक्रेत्यास होतो. काट्यावरील आकडा आणि सर्व्हिसच्या नोंदी जुळतात की नाही, हे पाहावे.

पाण्यात बुडालेली गाडी ही तर लपविलेली व्याधीच. २६ जुलै २००५ रोजी मुंबईत आणि २५ जुलै २०२४ रोजी पुण्याच्या एकतानगरीत पाणी शिरले, तेव्हा असंख्य वाहने बुडाली. अशी गाडी धुऊनपुसून विक्रीस आली तरी आसनांच्या पट्ट्यांच्या मुळाशी राहिलेला गाळ, गालिच्याखालचा कुबट वास आणि तारांच्या जोडांवरील हिरवट थर तिची साक्ष देतात.

निर्माता व्यवसायात टिकून आहे काय, हाही प्रश्न आहे. शेजारच्या मावळात तळेगावला कारखाना असलेल्या जनरल मोटर्सने २०१७ अखेर भारतातील विक्री थांबविली. २०२० अखेर तेथील उत्पादनही थांबले आणि २०२३ मध्ये तो कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने केला. शेवरोले टवेरा स्वस्तात मिळाली, तरी सुटे भाग कोठे मिळतील, हे आधी विचारावे.

नवी गाडीही निर्दोष नसते

जुलै २०१३ मध्ये सुमारे १ लाख १४ हजार टवेरा परत बोलावण्यात आल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीने मोटर-जनरेटरच्या दोषाच्या शंकेने एर्टिगासह पाच प्रकारच्या १,८१,७५४ गाड्या तपासणीस बोलाविल्या. ऑक्टोबर २०२२ मध्ये किआने एअरबॅगच्या नियंत्रण-प्रणालीसाठी ४४,१७४ कॅरेन्स परत मागविल्या. दोष मान्य करून तो विनामूल्य दुरुस्त करणाऱ्या कंपनीला नावे ठेवण्याचे कारण नाही. आपण घेत असलेल्या गाडीची ती दुरुस्ती झाली की नाही, एवढे चासी क्रमांक देऊन अधिकृत सेवाकेंद्रात विचारावे. अगदी नव्या नमुन्याच्या पहिल्या वर्षी घाई न केलेली बरी. दोष वापरानेच उघडे पडतात.

पंधरवड्याचा सदुपयोग

पितृपक्षात खरेदी करू नये, असा प्रघात आहे. पारख करण्यास मात्र कोणतीच आडकाठी नाही. उलट भाद्रपदाच्या अखेरीस पाऊस पुरता सरलेला नसतो. दारातून, काचेच्या कडेतून, छतातून पाणी गळते काय, हे त्याच दिवसांत नीट कळते. तो पंधरवडा आणि नवरात्राचे नऊ दिवस जाणकार कारागिराला सोबत घेऊन गाडी उघडून पाहण्यात घालवावेत. दोष आढळल्यास आणि विक्रेता तो दूर करण्यास टाळाटाळ करू लागल्यास, दसरा हुकला तरी चालेल. पुढे बलिप्रतिपदेचा अर्धा मुहूर्त आहे, गुढीपाडवा आहे, अक्षय्य तृतीया आहे. मुहूर्त दरवर्षी येतात.

आयुधाची पूजा करण्यापूर्वी त्याची धार पाहावी, गंज काढावा, हीच पूर्वापार रीत आहे. तीच रीत वाहनालाही लागू पडते. ज्या गाडीच्या ब्रेकची, चाकांची आणि इंजिनाची खात्री आपण स्वतः करून घेतली आहे, तिच्यावर हार चढविताना गृहस्थाचे मन निःशंक राहते आणि विंझाईच्या दर्शनाहून परतताना मागच्या आसनावर वडीलधारी माणसे निर्धास्तपणे डोळे मिटून बसू शकतात.