पोहोचायला किती वेळ लागेल?

आमच्या एरंडोलहून मुंबईला मोटारीने निघालेला माणूस धुळे, मालेगाव, नाशिक असे तास बरोबर मोजतो. हिशेब बिघडतो तो ठाण्याच्या पुढे. तिथून शीवपर्यंतचा पूर्व द्रुतगती महामार्ग पहाटे अर्ध्या तासात सरतो. सकाळी नऊला मात्र त्याचा भरवसा नसतो. दवाखान्यात दहाचा नंबर असलेल्या रुग्णाचा जीव तिथे टांगणीला लागतो.

हा उशीर आधी कळतो का? मी कवितेत रमणारा, बी.ए. झालेला माणूस, पण हा हिशेब बोटांवर करता येतो. कापसाच्या हंगामात जिनिंगच्या दाराशी गाड्यांची रांग लागते, कारण काटा एकच असतो. रस्त्याचेही तसेच. एका लेनमधून तासाला साधारण २००० मोटारी जातात. तीन लेन धरू या, म्हणजे ६०००. तासभरात ६६०० आल्या, तर ६०० उरल्या. शेवटच्या मोटारीला सहा मिनिटे उशीर. आता एक ट्रक बंद पडला आणि अर्धा तास एक लेन अडली. आल्या ३३००, गेल्या २०००, उरल्या १३००. अर्ध्या तासातच उशीर तेरा मिनिटांवर गेला. ट्रक हलवला तरी रांग विरत नाही, कारण गर्दीच्या वेळी मागून येणाऱ्या मोटारी जाणाऱ्यांहून जास्तच असतात.

मोबाईलमधला नकाशा काय करतो? रस्त्यावरच्या मोबाईलांवरून त्या क्षणाचा वेग ताडतो आणि त्याला त्या वाराचा, त्या वेळेचा जुना अनुभव जोडतो. सोमवारची गर्दी त्याला ठाऊक असते. अर्ध्या तासाने बंद पडणारा ट्रक ठाऊक नसतो. रिकाम्या रस्त्यावर त्या ट्रकने फारसे बिघडत नाही, भरलेल्या रस्त्यावर बिघडते. म्हणजे अंदाजाची गरज जास्त, तेव्हाच तो कच्चा.

म्हणून मंडळी, नुसती सरासरी विचारू नका. दहापैकी आठ दिवस पस्तीस मिनिटे आणि दोन दिवस साठ लागली, तर सरासरी चाळीस येते. पण चाळीस धरून निघालेल्याचा नंबर त्या दोन दिवशी हुकतो. वाईट दिवशी किती लागतात, ते विचारा. सिनेमाला जायचे असेल तर चाळीस धरा. रुग्ण सोबत असेल तर साठच धरा. लवकर पोहोचलो तर बाकावर बसता येते. नंबर हुकला, तर पुढच्या तारखेसाठी पुन्हा जवळजवळ चारशे किलोमीटर.