खुडूक कोंबडीचा हिशेब

संत्र्या-कापसाच्या आमच्या पट्ट्यात कोंबडीला कुणी पीक मानलं नाही. काटोलकडच्या आमच्या शेतावर खताचा, फवारणीचा, मजुरीचा हिशेब बाबांच्या वहीत असे, कोंबड्यांचा आईच्या डोक्यात. अंड्यांचे पैसे तिचे, आणि त्याबद्दल घरात कुणी विचारत नसे. खर्च तरी कुठे होता? सकाळी खुराड्याचं दार उघडून मूठभर कणी टाकायची, मग त्या दिवसभर उकिरड्यावर आणि धुऱ्यावर उकरत हिंडायच्या. पावसाआधी आई जुन्या माठात ओलं शेण नि पऱ्हाटीचे तुकडे भरून तो जमिनीवर पालथा घाली. एक-दोन रात्रींत वाळवी चढायची, पिल्लांची चंगळ.

गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. दहा-पंधरा घातली की खुडूक होते, रवणीवर बसते, 21 दिवसांनी पिल्लं काढते आणि पुढे महिना-दोन महिने त्यांच्यामागे फिरते. तेवढे दिवस अंडं बंद. कागदावर मांडलं तर हा निव्वळ तोटा. सुधारित जाती आल्या त्या हा तोटा भरून काढायला.

बेंगळुरूच्या कृषी विद्यापीठाची गिरीराज 1989 साली आली, पुढे हैदराबादची वनराज. पिल्लं नागपूरच्या सरकारी उबवणी केंद्रातून मिळायची. रंगीत पिसांची, दणकट, अंडी गावरानच्या जवळजवळ दुप्पट. शेजारपाजारचे बघायला यायचे. पण ती खुडूक होतच नाही म्हटलं तरी चालेल, आणि झाली तरी तिच्या पिल्लांत तो जोम उतरत नाही. पूर्वी मानमोडीनं खुराडं रिकामं केलं तरी वाचलेल्या दोन कोंबड्यांवर आई वर्षभरात कळप पुन्हा उभा करी. आता कळप बसला की नागपूरची एसटी धरायची. पिल्लांमागून खाद्याची पोती आली, पोत्यांची उधारी बाबांच्या नावावर, आणि अंड्यांचे पैसे कधी वहीत गेले ते आईलाही सांगता आलं नाही. सुधारित कोंबड्यांच्या माहितीपत्रकांत अंड्यांचे आकडे ठळक असत, हा बदल कुठेच नसे.

अंगानं जड पक्षी झाडावर चढत नाही. मुंगूस आणि कुत्र्यांचं फावलं. उन्हाळा त्याहून वाईट. 23 मे 2013 ला नागपूरचा पारा 47.9 अंशांवर गेला, त्या आठवड्यात गिरीराज चोच वासून धापा टाकत पडलेल्या, गावरान मात्र दुपारभर संत्र्याच्या बुडाशी माती उकरून बसलेल्या.

बर्ड फ्लू 2006 च्या फेब्रुवारीत नवापूरला निघाला, म्हणजे राज्याच्या दुसऱ्या टोकाला, तरी इकडेही गिऱ्हाईक तुटलं. 2020 च्या सुरुवातीला कोंबडीतून कोरोना होतो या नुसत्या अफवेनं तेच केलं, ब्रॉयलरवाल्यांनी अक्षरशः फुकट कोंबड्या वाटल्या. दाण्यावर पैसा न घातलेला कळप अशा वेळी थांबू शकतो, ब्रॉयलर रोज खातो. मार्च 2024 मध्ये मात्र बर्ड फ्लू नागपूरच्या सरकारी केंद्रातच सापडला. साडेआठ हजार कोंबड्या मारल्या गेल्या, अंडी नष्ट झाली. पिल्लांसाठी तिकडेच डोळे लावून बसलेल्यांना तेव्हा घरची खुडूक आठवली.

वहिनी आता दोन्ही पाळते. सुधारित कोंबडीची अंडी ती गावरान कोंबडीखाली रवणीला ठेवते. ही युक्ती बायकांनी एकमेकींना सांगितलेली आहे. मानमोडीच्या लासोटा लसीचे थेंब पहिल्याच आठवड्यात पिल्लांच्या डोळ्यात पडतात, त्यात ती हयगय करत नाही. गावरान अंड्याला शहरात भाव चांगला मिळतो. रंगीत पिसांचं काहीही गावरान म्हणून खपतं ही गोष्ट वेगळी. पैसे फोनवर येतात आणि फोन दादाचा, त्यावरून घरात अधूनमधून वाजतं. रवणीच्या तीन-चार कोंबड्यांना मात्र कुणी हात लावायचा नाही. नागपूरचा पाहुणा सावजी रश्श्याची फर्माईश घेऊन आला, तर कोंबडा पकडायचा.