तेलाचा डबा पंधराचा, पण पंधरा काय?

“लिटर काय नि किलो काय, एकच की!” नाशिकच्या मिसळीच्या हॉटेलांत स्टॉकचं सॉफ्टवेअर बसवताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. एक लिटर म्हणजे एक किलो, हे पाण्याचं गणित आहे. तेल पाण्याहून हलकं असतं, हे रोज रश्श्यावर तर्री तरंगताना पाहणाऱ्याला वेगळं सांगायला नको. लिटरभर खाद्यतेल साधारण 910 ग्रॅम भरतं.

बाजारात डबे दोन्ही मिळतात, 15 किलोचे आणि 15 लिटरचे. 15 लिटरच्या डब्यात तेल असतं 13.65 किलोच्या आसपास. तो ‘15 किलो’ म्हणून चढवला आणि रेसिपीत तेल ग्रॅममध्ये असलं, तर दर डब्यामागे 1 किलो 350 ग्रॅम तेल कमी पडलेलं दिसतं. महिनाअखेरीला संशय जातो आचाऱ्यावर! थेंबही न चोरलेल्या माणसाला मालकापुढे जाब द्यावा लागतो, याची मला खरोखर चीड येते. उलट चूकही महागच. 15 किलोचा डबा ‘15 लिटर’ म्हणून नोंदला, तर आत असतं जवळपास साडेसोळा लिटर. वरचं दीड लिटर सांडलं की कुणी नेलं, हे हिशेबात कधीच दिसणार नाही.

910 हा आकडाही दगडावरची रेघ नव्हे, तापमानाप्रमाणे तो हलतो. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये दिलेल्या माहितीनुसार लिटरभर सोयाबीन तेलाचं वजन 21 अंशांना 919 ग्रॅम, तर 60 अंशांना 892.6 ग्रॅम असतं. त्यामुळेच विभागाने कंपन्यांना पाकिटावरचा तापमानाचा उल्लेख काढून लिटरसोबत वजनही छापायला सांगितलं. तेव्हा डब्यावरचं वजन वाचा आणि तेलाची नोंद किलोतच ठेवा.

अशीच आणखी काही वाक्यं ऐकू येतात.

“युनिट सॉफ्टवेअर आपोआप बदलतं.” ग्रॅमचे किलो करतं. लिटरचे किलो करायला मात्र प्रत्येक जिन्नसाचा आकडा तुम्हालाच भरावा लागतो. दुधाचा लिटर तर किलोहून थोडा जडच, साधारण 1.03 किलो.

“जुडीचं वजन ठरलेलं असतं.” पंचवटीच्या बाजार समितीत कोथिंबिरीचे भाव जुडीवर निघतात, पण पावसाळ्यातली भिजलेली जुडी आणि उन्हाळ्यातली जुडी तराजूवर सारखी कशी भरेल? माल आला की चार-पाच जुड्या तोला आणि सरासरी भरा.

“मटकी ती मटकी.” खरेदी सुकीची, रेसिपी मोडाच्या मटकीची. भिजून मोड आल्यावर वजन दुपटीच्या आसपास किंवा त्याहून जास्त होतं. सुकी आणि मोडाची असे दोन वेगळे जिन्नस करा, आपल्याच पातेल्यातली मटकी आधी आणि नंतर तोला.

“चमचा म्हणजे चमचा.” चमचाभर मीठ चमचाभर तिखटाच्या दुपटीहून जड भरतं.

“युनिट नंतर बदलू.” आधीच्या सगळ्या नोंदी जुन्याच युनिटात राहतात आणि शिल्लक चुकते. बदलायचंच असेल तर जुना जिन्नस बंद करा, शिल्लक प्रत्यक्ष तोला आणि नव्या नावाने सुरुवात करा.