विद्येच्या पंगतीतील पंक्तिप्रपंच

खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशवर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना द्याव्यात, असे २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने त्यातून पळवाट काढली. एक किलोमीटरच्या आत सरकारी वा अनुदानित शाळा असेल, तर खासगी शाळेवर हे बंधन नाही, असा नियम केला. जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो रद्दबातल ठरविला. ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हस्तक्षेप केला नाही. निकाल योग्यच झाला. परंतु प्रश्न मिटला काय?

जवळ सरकारी शाळा असता खासगी शाळेचे शुल्क सरकारने का भरावे, हा युक्तिवाद वरकरणी बिनतोड वाटतो. पण ज्यांना शुल्क परवडते ते तीच सरकारी शाळा ओलांडून जातात, तेव्हा त्यांना कोणी अंतर मोजून दाखवीत नाही. किलोमीटरची दोरी गरिबाच्या मुलापुढेच का धरावी? हा विद्येच्या पंगतीतील पंक्तिप्रपंच होय.

मात्र २५ टक्के जागांनी सर्वांच्या शिक्षणाची सोय होत नाही. सरकारने बहुजनांच्या प्राथमिक शिक्षणावर खर्च करावा, असे महात्मा फुले यांनी १८८२ मध्येच हंटर आयोगाला बजावले होते. १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात ते सक्तीचे व मोफत केले. संस्थानाला जे झेपले, ते राज्याला जड का व्हावे? पालिकेच्या शाळेत आपले मूल निःशंकपणे घालावे, असे ज्या दिवशी आम्हां मध्यमवर्गीयांना वाटेल, त्या दिवशी हा वाद आपोआप संपेल. तोवर राखीव जागांचे हे दार कोणालाही लोटून घेऊ देता कामा नये.